भित्र्याच्या हातातला दोर

फार पूर्वीची गोष्ट. फोन निघायच्याही आधीची, म्हणजे किती आधीची ते तुम्हीच समजा. हल्ली पलीकडचा माणूस 'होल्ड ऑन' म्हणतो आणि आपण फोन कानाला लावून त्यातलं गाणं ऐकत बसतो. शाळेतल्या पोराला अर्थ विचारा, घडाघडा सांगेल: होल्ड ऑन म्हणजे थांबणे, धरून राहणे, न सोडणे. बरोबर आहे, पैकीच्या पैकी गुण! पण धरून राहणं म्हणजे काय ते वहीत लिहून कळत असतं तर आणखी काय हवं होतं? ते कळायला डोंगरातल्या एका गावात जावं लागतं आणि तिथल्या सगळ्यांत भित्र्या माणसाशेजारी उभं राहावं लागतं.

तर एका गावात एक भित्रा होता. नाव त्याचं लखू. अंगानं चांगला दणकट, पण काळीज चिमणीचं. वाटेत म्हैस आडवी आली की हा बांधावर चढायचा. आभाळ गडगडलं की घोंगडीत शिरायचा. गावातली टवाळ पोरं मुद्दाम मागून ओरडायची, "लखूदादा, पाठीमागं बघ!" आणि लखू खरंच उडी मारायचा. लोक हसायचे, तोही ओशाळं हसायचा. पण आपल्याला नेमकी कशाकशाची भीती वाटते हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. दिसत होती तेवढीच पुष्कळ होती. न दिसणारी त्यानं पोटात ठेवली होती.

गाव वसलं होतं एका उंच कातळकड्याच्या पायथ्याशी. जमीन खडकाळ, पेरलं तर उगवेना. मग गाव जगायचं कशावर? मधावर. कड्याच्या कपारींत आग्या मोहोळं लागायची, चांगली दाराएवढाली. आग्या माशी म्हणजे तुमच्या घरातल्या गुळावर बसणारी माशी नव्हे बरं का. ती चवताळली तर उभा बैल आडवा करते. दर चैत्रात गावातले मोहोळकाढे कड्यावरून दोराच्या शिडीनं खाली उतरायचे आणि धूर देऊन पोळं कापून आणायचे.

शिडी वरच्या झाडाला बांधलेली असायची. पण नुसत्या शिडीचा काय भरवसा? म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला आणखी एक दोर असायचा. तो झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन वर बसलेल्या माणसाच्या हातात. खालचा उतरेल तसा यानं दोर सोडायचा, चढेल तसा ओढून घ्यायचा. तुम्ही म्हणाल, झाडालाच बांधून का नाही टाकत? अहो, बांधलेला दोर चढताना ढिला पडतो. मग पाय सुटला की माणूस तेवढा खाली कोसळतो, आणि त्या हिसक्यानं एक तर दोर तुटतो, नाहीतर कंबर. दोराला माणूसच लागतो.

आणि कोणता माणूस? इथं त्या गावाचा कायदा फार कडक होता. नवऱ्याचा दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. नवऱ्याच्या सख्ख्या भावानं नाही, मित्रानं नाही, बापानंसुद्धा नाही. दोराच्या एका टोकाला बहिणीचं कुंकू लटकतंय म्हटल्यावर भाऊ काही दोर सोडायचा नाही, असा जुन्यांचा हिशेब. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो ना, ती कानपिळी तिथंही होती. दुसऱ्या गावांत कान पिळणाऱ्याला शेला देतात, पागोटं देतात. या गावात नवरदेव त्याच्या हातात दोराचं टोक द्यायचा.

आता आलं का लक्षात? लखूला एक बहीण होती, थोरली, चांगुणा. आणि चांगुणेला भाऊ एकच होता, लखू. तिचं लग्न ठरलं गोमाशी, गावातल्या सगळ्यांत तरबेज मोहोळकाढ्याशी. कानपिळी झाली, गोमानं दोराचं टोक पुढं केलं, आणि लखूचे हात लटलट कापायला लागले. मांडवात कुणीतरी म्हणालं, "अरे, साप समजला वाटतं!" सगळा मांडव हसला. गोमा तेवढा हसला नाही. त्यानं लखूची मूठ आपल्या हातानं मिटवली आणि पुढच्या विधीला बसला.

दोन वर्षं बरी गेली. मोहोळं कड्याच्या बुटक्या अंगाला लागायची. चार पायऱ्या उतरलं की हाताशी पोळं. लखू दोर धरायचा, डोळे मिटायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि काम होऊन जायचं.

तिसऱ्या वर्षी बुटक्या अंगाला एकही पोळं लागलं नाही. सगळी मोहोळं गेली वाघजबड्यात. वाघजबडा म्हणजे गावाच्या पलीकडच्या अंगाला, दरीवर पुढं आलेला कड्याचा भाग. वर बसलेल्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही, आणि शिडी अधांतरी झुलते. बावीस पायऱ्यांची शिडी. खाली दरी एवढी खोल की टाकलेल्या दगडाचा आवाज यायच्या आत माणूस घर गाठेल.

वाघजबड्याचा नुसता उल्लेख झाला तरी लोक विषय बदलायचे, कारण तिथं पूर्वी एक माणूस गेला होता. त्याचं असं झालं. उतरणारा दर पायरीला वर विचारायचा, "हाय का?" वरचा म्हणायचा, "हाय!" उत्तर आल्याशिवाय पाय हलवायचा नाही, हा दुसरा कायदा. त्या दिवशी मोहोळ उठलं. खालच्यानं विचारलं, "हाय का?" उत्तर आलं, "हाय का... हाय का..." त्या बिचाऱ्याला धुरात, गोंधळात वाटलं, मेहुणाच बोलला. तो कड्याचा पडसाद होता. त्यानं पाय उचलला, तो निसटला, आणि दोर नुसताच त्याच्यामागोमाग खाली गेला.

तेव्हापासून गावानं कायद्याला पुरवणी जोडली. वरच्यानं नुसतं 'हाय' म्हणायचं नाही. 'हाय' म्हणायचं आणि पुढं दरवेळी काहीतरी नवं सांगायचं, डोळ्यांना दिसेल ते. हाय, उंबरावर कावळा बसलाय. हाय, ढग आलाय. कड्याला काही नवं सुचत नाही, ते माणसालाच सुचतं.

त्या दिवशी वर बसलेला मेहुणा अजून जिवंत होता. येसबा त्याचं नाव. आता पार म्हातारा झाला होता, गावाबाहेरच्या पडवीत एकटा वाख वळत बसायचा. गावातले सगळे दोर तोच वळायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं, पण दुसरं कुठलंही काम त्यानं परत कधी केलं नाही.

गोमा वाघजबड्यात उतरणार असं ठरलं, त्याच्या आदल्या दुपारी लखू येसबाकडे गेला. दोराला लागणारे वाखाचे धागे त्याच्या हातात देत बसला. मग म्हणाला, "आबा, एक इचारू? रागवू नगा. त्या दिशी तुमी दोर... का सोडलात?"

येसबाचे हात थांबले. "सगळं गाव म्हणतं येसबा भ्याला आन् पळाला. आरं, मी आन् भिणार? वाघाच्या मागं लागणारा गडी मी! भ्यालो न्हवतो, त्योच तर घोटाळा झाला. मला वाटलं, एवढा दांडगा मी, एका हातानं बी पेलीन. डोळ्यावर माशी बसली हुती. ती हाकलाया एकच हात काढला बघ. एकच." त्यानं आपला उजवा हात लखूपुढं धरला. बोटं वाळून काटक्या झाली होती. "सोडला न्हवता रं मी दोर. एक हात काढला फकस्त."

लखूच्या मनात आलं, वाघाला न भिणाऱ्याची ही गत, तर आपलं काय होणार? आपल्या अंगावर पाल पडली तर आपण भाकरी टाकून पळतो. तो तिथून उठला तो तडक बहिणीच्या घरी गेला. तिला सांगून टाकायचं ठरवलं होतं त्यानं. अक्का, मला जमायचं न्हाई. गोमादाजींना सांग, जाऊ नगा. लोक थुंकले तर थुंकू देत माझ्यावर.

चांगुणा उंबऱ्यात बसून घोंगडी झाडत होती. पाच महिन्यांची लेक शेजारी सुपात झोपली होती.

"अक्का," लखू म्हणाला, "मला... उद्याचं..."

"तुला भ्या वाटतंय," चांगुणा म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"आरं, तुला मी कडेवर घिऊन फिरवलंय. तुझ्या पोटात गोळा आला की माझ्या कमरेला कळायचं." तिनं घोंगडी बाजूला ठेवली. "मला काय भ्या वाटत न्हाई व्हय? उद्या मी चुलीपुढं बसायचं. जाळ इझू द्यायचा न्हाई, अशी रीत. तुझ्या हातात दोर तरी असंल, लखू. माझ्या हातात काय हाय? फुंकणी!"

लखूनं घोंगडीची घडी करून तिच्या हातात दिली. ठरवून आणलेले शब्द त्यानं गिळले. सुपातल्या भाचीच्या पायाला हात लावला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत गोमा आणि लखू कड्यावर पोचले. दोराशी दोघांखेरीज कुणी नसायचं, गर्दी झाली की मोहोळ उठतं म्हणून. बाकीची माणसं खालच्या घळीत घोंगड्या पांघरून थांबली होती. गोमानं शिडी अंजनाच्या झाडाला बांधली, दोनदा ओढून पाहिली. कमरेला दोर आवळला. बुंध्याला वेढा देऊन दुसरं टोक लखूच्या हातात दिलं.

लखू एक पाऊल मागं सरला.

"दाजी," तो म्हणाला, "दुसरं कुणी..."

"दुसरं कुणी तिचा भाऊ हाय का?" गोमा म्हणाला. त्यानं लखूच्या डोक्यावर घोंगडी टाकली, धुरासाठी पेटवलेली चूड दोरीनं कमरेखाली लटकवली आणि कड्याखाली दिसेनासा झाला.

"हाय का?"

"हाय! उंबरावर कावळा बसलाय!"

"हाय का?"

"हाय! पलीकडच्या डोंगरावर गुरं चढत्यात!"

एकेक पायरी, एकेक उत्तर. लखू मोजत होता. दहा. पंधरा. दोर तळहातातून करकरत जात होता. एकवीस. बावीस. मग खालून पोळं कापल्याचा आवाज आला, आणि लखूला पहिल्यांदा वाटलं, होतंय की! उगाच भ्यालो. झालं आता.

आणि वारं फिरलं.

चैत्रातलं वारं, त्याला काय धरबंध? कड्याला लागून वर जाणारा धूर एका झटक्यात दरीकडे वळला. क्षणभर सगळं शांत. मग खालून घुमायला लागलं. आधी बारीक, मग मोठं, मग असं की लखूच्या बसल्या जागची जमीन थरथरते आहे की काय असं वाटावं. गोमाची किंकाळी आली. दोराला हिसका बसला आणि लखू बसल्या जागेवरून फरफटत झाडाच्या बुंध्यावर आदळला. गुडघे सोलले, टाच एका मुळीत अडकली, म्हणून थांबला. गोमाचा पाय शिडीवरून सुटला होता. अख्खा माणूस कमरेच्या दोरावर लोंबकळत होता आणि दोर लखूच्या दोन मुठींत होता.

तेवढ्यात माशा वर आल्या.

फरफटताना घोंगडी केव्हाच निसटली होती, पायाशी पडली होती. घ्यायला हात नव्हता. पहिली माशी पापणीवर बसली. बसली आणि डसली. लखूचा जीव कळवळला, आणि काय होतंय ते कळायच्या आत उजव्या हाताची बोटं सैल पडली. एकच हात. एकदाच. माशी हाकलायची, घोंगडी ओढून घ्यायची आणि लगेच परत धरायचं. किती वेळ लागतो?

येसबाचा वाळका हात त्याला समोर दिसला. लखूनं बोटं परत आवळली. दुसरी माशी गालावर डसली. तिसरी कानावर. चौथीनंतर मोजायचं राहिलं.

"हाय का?"

गोमाच्या पायाला शिडी सापडली होती. पण उत्तर आल्याशिवाय तो पायरी चढणार नव्हता, आणि तिथंच चिकटून राहिला तर माशा त्याला सोडणार नव्हत्या.

लखूनं तोंड उघडलं, तर एक माशी ओठावर डसली. त्यानं तोंड गच्च मिटलं. डोंगरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं की आग्या उठल्यावर आवाज करायचा नाही, श्वाससुद्धा दाबून घ्यायचा. गप्प निपचित पडलं तर माशा निघूनही जातात. बोललं की तोंडावर येतात.

"हाय का?" गोमानं दुसऱ्यांदा विचारलं. कडा म्हणाला, "हाय का... हाय का..."

मेल्या कड्या, तू गप्प बैस! लखूला रडू फुटलं. रडतारडताच तो ओरडला, "हाय!"

"आनि काय?" खालून गोमाचा आवाज आला. चिरका, धाप लागलेला. "आनि काय, लखू?"

आणि काय? लखूनं डोळे उघडून बघायचा प्रयत्न केला. डोळे उघडेनात. एक पापणी सुजून मिटली होती, दुसरी मिटत होती. कावळा नाही, ढग नाही, डोंगर नाही. सांगण्यासारखं जगात काही उरलंच नव्हतं. जे काय होतं ते सगळं त्याच्या पोटात होतं. मग तेच बाहेर आलं.

"हाय! मला भ्या वाटतंय!"

दोर हलला. गोमा एक पायरी चढला. लखूनं तेवढा दोर ओढून घेतला.

"हाय का?"

"हाय! मला पालीचं बी भ्या वाटतं!"

आणखी एक पायरी.

"हाय का?"

"हाय! म्हशीचं! म्हशीच्या डोळ्यांचं भ्या वाटतं!"

खालच्या घळीत माणसं घोंगड्यांत अंग चोरून बसली होती. त्यांना वर काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण कडा शब्दन् शब्द सगळ्या दरीला ऐकवत होता. लखूनं जन्मभर दाबून ठेवलेली एकेक भीती डोंगरावरून गावावर येत होती. इजेचं भ्या वाटतं! हिरीत वाकून बघायचं भ्या वाटतं! वाटेत उभ्या माणसाला राम राम घालायचं भ्या वाटतं, त्यो हसंल म्हनून! ज्या पोरांनी त्याला मागून ओरडून दचकवलं होतं, तीही तिथं होती. एकानंही तोंडाला हात लावला नाही की शेजाऱ्याला कोपर मारलं नाही.

गावात चांगुणा चुलीपुढून उठली आणि लेकीला छातीशी धरून दारात आली. तिलाही ऐकू येत होतं. भाऊ रडत होता, ओरडत होता. पण होता. ती परत आत गेली आणि चुलीत लाकूड सारलं.

इकडे लखूच्या हातांची कातडी सोलून दोर ओला झाला होता. कान सुजून बंद होत आले होते, त्याला गोमाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. पायऱ्या किती झाल्या, किती राहिल्या, काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट मोठी नवलाची होती. सांगायचं काही संपत नव्हतं! गावातला एखादा धीट गडी त्या जागी असता तर चार उत्तरांत त्याची पोतडी रिकामी झाली असती. लखूची भरलेली होती. आयुष्यभर साठवलेली भीती आज पायरीपायरीनं कामाला येत होती.

"हाय का?"

"हाय! अक्काच्या कपाळाकडं बघायचं भ्या वाटतं, तुमी वर आला न्हाई तर!"

"हाय का?"

आता मात्र तळाशी एकच उरली होती. ती लखूनं स्वतःलाही कधी सांगितली नव्हती.

"हाय! मला माझंच भ्या वाटतं, दाजी! मी सोडीन म्हनून!"

खालून या वेळी 'हाय का' आलं नाही. गोमाचं उत्तर आलं. "मग नगं सोडू," तो म्हणाला, आणि पुढची पायरी चढला.

कड्याच्या काठावर गोमाचा हात आला. मग डोकं. सगळं अंग सुजलेलं, पोळं कुठंतरी दरीत गेलेलं, पण माणूस सबंध. वर येताच त्यानं पायाशी पडलेली घोंगडी उचलली, लखूवर टाकली आणि त्याला ओढायला लागला. लखू काही उठेना. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. त्याच्या लेखी गोमा अजून शिडीवरच होता. शेवटी गोमानं पोळं कापायच्या विळ्यानं दोर कापला आणि मुठींतल्या तुकड्यासकट मेहुण्याला फरफटत करवंदीच्या जाळीत नेलं.

दुपारी माशा बसल्या. लोकांनी लखूला खाली आणून चांगुणेच्या अंगणात ठेवलं. कुणी ओल्या मातीचा लेप लावला, कुणी माशांचे काटे काढले. पण त्याच्या मुठी कुणाला उघडेनात. ओठ भाकरीएवढे झाले होते आणि त्यांतून पुटपुटणं चालूच होतं, "हाय... मला एकट्यानं जेवायचं भ्या वाटतं... हाय... मला..."

"लखू, आलं रं माणूस वर," चांगुणा त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. "सोड आता!"

लखूनं मूठ आणखी आवळली. त्याला वाटलं, भीतीच बोलते आहे. ती दिवसभर हेच तर सांगत होती.

कुणाला काही सुचेना. तेवढ्यात गोमा उठला. लंगडत आला आणि लखूपुढं खाली बसला. त्यानं मान वाकवली आणि आपला सुजलेला कान लखूच्या मुठीवर टेकवला. बोटांना घासत राहिला, घासत राहिला.

लखूचं पुटपुटणं थांबलं. एक बोट हललं. मग दुसरं. त्यानं कान चाचपला. पाळीला भोक होतं, भोकात तांब्याची बाळी होती. लग्नात हीच बाळी त्याच्या बोटाला टोचली होती. लखूनं हळूच तो कान धरला आणि पिळला.

"आयायायाया!" गोमा ओरडला.

दोराचा तुकडा गळून अंगणात पडला. लखू बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आलं तरी उठला नाही.

बरा झाल्यावर लखू शूर झाला असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. पाल दिसली की तो पूर्वीसारखाच पळायचा. म्हैस आली की बांधावर चढायचा. फरक एवढाच की आता त्याच्यामागं कुणी ओरडायचं नाही, आणि म्हैस तेवढी हाकलून द्यायचं. पुढच्या चैत्रात गोमा पुन्हा वाघजबड्यात उतरला. वर लखूच होता, हात लटलट कापत होते आणि दोर त्या हातांत होता. थोड्या अंतरावर येसबा येऊन बसला होता, त्या जागेवर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. खालून "हाय का?" आलं की लखूबरोबर तोही मनातल्या मनात "हाय" म्हणत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते.

आणि त्या गावात कायद्याला आणखी एक पुरवणी जोडली गेली. दोर धरायला बसणाऱ्याला आता कुणी 'भिऊ नको' म्हणत नाही. 'भ्यालास तर मोठ्यानं सांग' म्हणतात.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: भीती जाईल आणि मग आपण धरून राहू, असं म्हणणाऱ्याचा दोर निसटतो. भीती बसू द्यावी शेजारी, ओरडू द्यावी पोटभर. आपण फक्त एक हातसुद्धा काढू नये.